तळघराची वही

पाथर्डी फाट्याला उतारावरचा प्लॉट,
तळघर आपसूकच निघालं.
"साहेब, फुकटात एक मजला," कंत्राटदार म्हणाला.
फुकट काय असतं ते मला ठाऊक हवं होतं.
तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा मोजल्या,
त्यातली एक माझी नव्हती.

वर जे जे नकोसं झालं ते खाली उतरलं:
गंजका कूलर, गव्हाची रिकामी कोठी,
कुंभमेळ्याच्या पाहुण्यांसाठी भरलेल्या अकरा गाद्या,
केतनची सायकल आणि वेगळं पडलेलं तिचं एक चाक.
मग भाद्रपदात,
पाऊस थांबून पंधरवडा झालेला, वर लख्ख ऊन,
आणि ईशान्येच्या कोपऱ्यातून पाणी आलं,
जिथे पाणी हवं असं वास्तूवाल्यानं सांगितलं होतं.
खडकाला उशिरा आठवतं.
गाद्या फुगल्या. भिंतीला लोणा फुटला.
बोटावर घेऊन चाटला मी. खारट.

दगू बागूल मिस्त्री सटाण्याहून आला.
डॉक्टर पाठ ठोकतो तशी त्यानं भिंत ठोकली,
कान लावून बसला.
"पाण्याशी भांडू नका बापू, बिल वाढतं.
कडेनं चर घ्या, कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप.
हे सिमेंट खरवडा, चुना द्या. ऑइलपेंट नको,
भिंतीचा घाम आत कोंडला की ती फुगते.
आणि काही टेकवू नका तिला.
चार बोटं अंतर सोडा."
"माणसांचंही तसंच का हो?"
"माणसांचं मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी मिस्त्री."

तेव्हापासून ही वही.
४ जून : चरातला गाळ काढला, दीड घमेलं.
१९ जून : पंपाच्या बोंड्यात केस अडकलेले. लांब, पांढरे.
२ जुलै : जाळीतून बेडूक. सोडला.
मनात हिशेब चालूच,
ही जागा कोणाला द्यावी, बेदाण्याच्या क्रेटना की क्लासवाल्याला,
महिना किती सुटेल.

शालनची अर्धशिशी लग्नाच्याही आधीची.
उजेड तिला सुईसारखा.
पडदे, चादर, डोळ्यांवर ओला पंचा,
तरी कुठून तरी फट राहतेच.
वर सात खिडक्या आहेत.
सातही मी हौसेनं ठेवून घेतलेल्या.

एप्रिलच्या एका दुपारी ती दिसेना.
दूध उतू जाऊन गॅस विझलेला.
मी हाका मारल्या, मग जिना उतरलो.
कोरड्या फरशीवर गोणपाट टाकून
ती आडवी होती,
भिंतीपासून चार बोटं सोडून.
"दिवा लावू नका," म्हणाली.
"इथे ऊन ऐकू येत नाही."

बेदाणे तिथेच नासले, हिशेबातले.
कूलर भंगारात गेला, सायकलही, दोन्ही चाकांसकट.
विटांवर खाट ठेवली.
कापूर नाही, उदबत्ती नाही, वास सोसत नाही तिला.
ओल ओढायला टोपलीभर कोळसा, महिन्याला उन्हात घालायचा.
जिन्याच्या कडेला सुंभाची दोरी, अंधारात धरायला.
एवढंच केलं.
छत्तीस वर्षांत याहून जास्त काही सुचलंही नव्हतं.

राहिला पंप.
पाणी चढलं की तो आपोआप धडधडतो,
त्याला कोणाचं डोकं दुखतंय हे कळत नाही.
म्हणून ती खाली असते तेव्हा
मी वरचं बटण बंद करतो, दोरी धरून उतरतो,
खड्ड्याशी उकिडवा बसतो.
तांब्या तिरका बुडवायचा, बुडबुडा होऊ द्यायचा नाही,
बादलीच्या आतल्या अंगाला लावून
सावकाश सोडायचा.
गुडघे बोलतात. त्यांना दटावतो.
मोजायची सवय आहेच.

२१ सप्टेंबर : बहात्तर तांबे.
चुना ईशान्येला पुन्हा सुटतोय, दगूला फोन.
साडेपाचला उठली.
चहा मागितला, आलं घालून.